कॅन्टन फेअरला जाताय? मग नानयुए राजाची कबर बघून या

आधी रेटिंग देऊन टाकते, म्हणजे घाईतल्या लोकांचं काम होईल. कबरीवरचं म्युझियम पाचपैकी पाच. आमचा गाईड पाचपैकी दीड, तोही वेळेवर आला म्हणून. आता सविस्तर.

चीनमधल्या ग्वांगझूला एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये कॅन्टन फेअर हे मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, १९५७ पासून भरतंय, आणि आपल्याकडची पुण्या-मुंबईची बरीच मंडळी तिथे जात असतात. सगळ्यांचा कार्यक्रम ठरलेला, दिवसभर पाझोऊच्या त्या अवाढव्य हॉलमधून पाय तुटेस्तोवर फिरायचं, व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जमवायचा, संध्याकाळी श्याओबेईकडे जाऊन कुठे वरणभात मिळतो का बघायचं, आणि एखादा दिवस मोकळा मिळाला की परत होलसेल मार्केटच. माझं रविवार पेठेत मण्यांचं आणि इमिटेशनचं दुकान आहे, त्यामुळे मीही तेच करते. पण यावेळी मोकळा दिवस मी हट्टाने या म्युझियमला दिला आणि बरोबर आलेल्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, जवळजवळ ओढत नेलं. त्यांना बॅगांचं मार्केट बघायचं होतं. "वहिनी, मेलेल्या माणसाचं सामान बघायला सुट्टी घालवायची?" असं म्हणाले होते. बाहेर पडताना तेच जास्त बोलत होते.

जायला सोपं आहे. पाझोऊकडून मेट्रोची लाइन ८, चांगगांगला उतरून लाइन २, आणि युएश्यू पार्क स्टेशन. बाहेर आलं की जेफांग नॉर्थ रोडवर लाल दगडाची उंच भिंत दिसते, तेच. तिकीट किरकोळ आहे, फेअरमधल्या कॉफीपेक्षा स्वस्त पडलं आम्हाला. पासपोर्ट जवळ ठेवा आणि बंदचा वार कोणता ते आदल्या दिवशी बघून घ्या.

तर ही कबर सापडली कशी, ते ऐका. जून १९८३ मध्ये श्यांगगांग नावाच्या टेकडीवर सरकारी क्वार्टर्स बांधायचं काम चालू होतं. टेकडी आधीच बरीच कापून सपाट केलेली, पाया खणताना खाली मोठमोठ्या दगडी लाद्या लागल्या, आणि लाद्यांच्या फटीतून टॉर्च मारला तर आत भांडी चमकताना दिसली. क्वार्टर्स राहिल्या बाजूला. माय यिंगहाव या पुरातत्त्वज्ञांच्या टीमने त्याच वर्षी उत्खनन केलं. सातशेच्या वर दगड वापरून बांधलेली सात दालनं, सगळं मिळून साधारण शंभर चौरस मीटर, म्हणजे ऐसपैस फ्लॅटएवढं, टेकडीच्या मूळ माथ्यापासून वीसेक मीटर खाली. आणि मुख्य म्हणजे चोरांचा हात लागलेला नाही. तिसऱ्या शतकात सुन च्युआन नावाच्या राजाने खास माणसं पाठवून या घराण्याच्या कबरी खणायला लावल्या होत्या म्हणतात, त्यांनाही ही सापडली नाही. यातल्या राजाच्या आजोबांची कबर तर अजून कोणालाच सापडलेली नाही.

राजा कोण तर झाओ मो, नानयुए राज्याचा दुसरा राजा, इ.स.पू. १३७ ते १२२. आजोबा झाओ तुओ हे उत्तरेकडून आलेले छिन साम्राज्याचे सेनापती. साम्राज्य कोसळलं तसं त्यांनी दक्षिणेत स्वतःचं राज्य थाटलं, राजधानी पान्यू, म्हणजेच आजचं ग्वांगझू. पाच राजे, जेमतेम ९३ वर्षं, आणि इ.स.पू. १११ मध्ये उत्तरेत छिनांच्या जागी आलेल्या हान घराण्याच्या सम्राटाने सगळं गिळून टाकलं. एवढ्याशा राज्याचं एवढं काय कौतुक असं वाटेल, पण हे राज्य बसलं होतं नदी आणि समुद्राच्या नाक्यावर, आणि नाक्यावरच्या दुकानाचं भाडं कोणाला सांगायला नको.

आता आत काय आहे. फोटोंमध्ये सगळीकडे हिरव्या जेडचा पोशाख दिसतो, २,२९१ तुकडे रेशमी धाग्याने जोडून केलेला, १.७३ मीटर लांब. तो तर बघाच, धागे कुजून तुकड्यांचा नुसता सडा पडलेला होता त्यातून परत उभा केलाय, ज्यांना माळ ओवायची सवय आहे त्यांना हे काम काय आहे ते लगेच कळेल. सोन्याचा शिक्काही बघा. ३.१ बाय ३ सेंटीमीटर, वर वळसे घेतलेला ड्रॅगन, १४८.५ ग्रॅम, म्हणजे पंधरा तोळ्यांना थोडं कमी. त्यावर 'सम्राट वेन' असं कोरलंय. बाहेर हान दरबारात पत्र पाठवताना हा माणूस स्वतःला नुसता राजा म्हणवायचा आणि घरात सम्राट. दोन वह्या ठेवायची पद्धत जुनीच दिसते. त्याच्या मुलाने नंतर हानांच्या भीतीने हे बापजाद्यांचे सम्राटपदाचे शिक्के लपवून ठेवले असं जुन्या इतिहासात लिहिलंय, आणि हा शिक्का बरोबर बापाच्या कबरीतच निघाला.

पण मी थांबले ती याच्यापुढे, चांदीच्या एका डब्यापुढे, आणि मी म्हणेन तुम्हीही तिथेच वेळ घालवा. दिसायला लहान आहे, साधारण १५ सेंटीमीटर रुंद आणि १२ उंच, वजन ५७२.६ ग्रॅम. अंगावर उठावाच्या पाकळ्या, लसणाच्या कुड्यांसारख्या एकाला एक लागून, वरच्या भागात एका दिशेला आणि खालच्या भागात उलट. असं काम त्या काळी चीनमध्ये होत नव्हतं, ही इराणी बाजूची पद्धत, पत्रा ठोकून ठोकून फुगे काढायचे. म्हणजे डबा बाहेरून आला, किंवा काही अभ्यासक म्हणतात तसा बाहेरचा नमुना समोर ठेवून इकडे केला. मला मजा वाटली ती पुढच्या भागाची. डबा आल्यावर इथल्या कारागिरांनी त्याला खाली ब्राँझची बैठक जोडली, झाकणावर तीन छोट्या मुठी बसवल्या, वर चिनी अक्षरं कोरली. का? कारण मूळ वस्तू चिनी दरबारात ठेवायला सोयीची नव्हती, बुडाला गोल, टेबलावर डगमगणार. इथल्या गिऱ्हाइकाला झाकणाचा डबा लागतो, पाय असलेला. फिटिंग बदललं, माल चालू. आणि आत सापडलं काय तर अर्धा डबा औषधाच्या गोळ्या. इराणी वळणाचं भांडं आणि आत राजाच्या गोळ्या, डोक्याशी नाही तर पायाकडच्या बाजूला ठेवलेल्या.

हा एकटा नाही हे जास्त महत्त्वाचं. अशाच घाटाचा चांदीचा डबा शानतुंगमध्ये झिबोजवळ एका हान राजाच्या कबरीपाशी निघालाय, त्यालाही पाय आणि झाकणावर मुठी नंतर बसवलेल्या. आणि तिकडे युननमध्ये शिझाइशान इथल्या कबरींत याच घाटाचे डबे निघाले ते चांदीचे नाहीत, ब्राँझचे. म्हणजे ओरिजिनल माल राजाकडे, आणि कोपऱ्यातल्या सरदाराला त्याच डिझाइनची स्वस्त धातूतली कॉपी. माझा सगळा धंदा याच तत्त्वावर चालतो त्यामुळे मला तर त्या काचेपुढे नमस्कारच करावासा वाटला.

पश्चिमेकडच्या बाजूच्या दालनात राजाचा खजिना रचला होता, आणि म्युझियममधला हा भाग मला सगळ्यात आवडला. तिथे निघाले पाच अख्खे हस्तिदंत, एकावर एक ठेवलेले, सगळ्यात लांब सव्वा मीटरच्या वर. आकारावरून ते आफ्रिकन हत्तीचे असावेत असं अभ्यासक म्हणतात, आशियाई हत्तीचे सुळे याहून बारीक असतात. बाजूला लाकडी लाखेच्या डबीत राळ, लोबानाच्या जातीची, २६ ग्रॅम. सव्वीस! अडीच-पावणेतीन तोळे. अरबस्तान, सोमालियाकडची झाडं, तिथला डिंक, आणि तो ग्वांगझूच्या राजाच्या खजिन्यात सोन्यासारखा डबीत जपलेला. शिवाय त्याच कबरीत ब्राँझचं एक धुपाटणं आहे, चार चौकोनी कप्पे एकत्र जोडलेले, म्हणजे चार वेगवेगळे सुगंध एकाच वेळी जाळता येतील असं. ते बघितल्यावर डबीचा अर्थ लागतो. लोकांना धूप घालायची सवय आधीच होती, दमट हवा, किडे, कपड्यांना वास, तर घरची गवतं-पानं जाळत असणार, आणि त्यात वरच्या दर्जाचा परदेशी माल आला. मागणी आधी, आयात नंतर. आमच्या गाईडने हे दोन्ही एका वाक्यात उरकले आणि पुढे चालायला लागला.

त्याच दालनात रेशमी कापडाच्या थप्प्याच्या थप्प्या होत्या, आता नुसता काळा कोळसा झालाय, पण कापडावर छपाई करायचे ब्राँझचे ठसे दोन निघालेत ते बघा, आपल्या छापील चादरींचे लाकडी ठसे असतात ना तेवढेसे. म्हणजे कच्चा हस्तिदंत आत येतोय, कापड इथे छापलं जातंय, जेड इथेच घासलं जातंय. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा राजा नाही, हा तर गोडाऊनवाला आहे, कच्चा माल एका रूममध्ये, तयार माल दुसऱ्या रूममध्ये." मला हेच हवं होतं. लोक अशा ठिकाणी जाऊन परदेशी वस्तू मोजतात, अमुक इराणची, तमुक आफ्रिकेची, वा वा. पण कबरीत दिसतो तो धंद्याचा पूर्ण चक्कर: काय कच्चं आणलं, काय इथे बदललं, काय पुढे पाठवलं.

पुढे काय पाठवायचे याची तर चक्क यादी आहे, कबरीत नाही, पण हान इतिहासात. आजोबा झाओ तुओंनी इ.स.पू. १७९ मध्ये हान सम्राटाला नजराणा पाठवला तो असा: पांढऱ्या जेडच्या चकत्यांची एक जोडी, खंड्या पक्ष्याची पिसं १,०००, गेंड्याची शिंगं १०, जांभळ्या कवड्या ५००, दालचिनीच्या झाडातल्या किड्यांचा एक डबा, जिवंत खंड्यांच्या ४० जोड्या आणि मोरांच्या २. हे सगळं समुद्र आणि दक्षिणेच्या जंगलातलं, उत्तरेला न मिळणारं. आणि उत्तरेकडून काय हवं होतं? लोखंड. त्याच्या चारेक वर्षं आधी हान दरबारात महाराणी ल्यूंचं राज्य असताना त्यांनी नानयुएला लोखंडी अवजारं विकायला बंदी घातली होती, आणि गुरं-घोडी-मेंढ्या विकायच्या तर फक्त नर, मादी नाही, म्हणजे तिकडे पैदास होऊ नये. बघा, टेक्नॉलॉजी बॅन म्हणतात तो हाच की. झाओ तुओ इतके भडकले की त्यांनी स्वतःला सम्राट जाहीर केलं आणि सीमेवर चढाई केली. हे डोक्यात ठेवून मग कबरीतली लोखंडी हत्यारं, चिलखत, करवती-पटाशींची पेटी बघा. नाहीतर ते काचेमागचं गंजलेलं लोखंड आहे, कोणी तिथे दोन सेकंदही उभं राहात नाही, सगळे सोन्याकडे.

आणि आता ती सॉसची गोष्ट, जी गाईडला माहीतच नव्हती, मीच त्याला सांगितली. इ.स.पू. १३५, म्हणजे याच झाओ मोच्या कारकिर्दीत, तांग मेंग नावाचा हान अधिकारी पान्यूला पाहुणा म्हणून आला. जेवणात त्याला एक चटणीवजा सॉस वाढला, गोउ-ज्यांग नावाचा, तो होता शू प्रांतातला, म्हणजे आजच्या सिचुआनचा. पाहुण्याने सहज विचारलं, हा इकडे कसा? यजमानांनी सांगून टाकलं, वायव्येकडून झांगके नदीने येतो, नदी मोठी आहे, थेट आमच्या शहराखालून वाहते. झालं. तांग मेंग परत राजधानीत गेला, शूच्या व्यापाऱ्यांना गाठलं, ते म्हणाले की हा सॉस फक्त आमच्याकडे होतो आणि लोक चोरून यलांगच्या राज्यात नेऊन विकतात, तिथून नदी. त्याने सम्राटाला लिहून कळवलं की या नदीवरून फौज उतरवली तर नानयुए घेता येईल. सप्लायर कोण आहे ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, हे माझे सासरे दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात. पुढे इ.स.पू. ११२ मध्ये खरंच पाच बाजूंनी फौजा निघाल्या, एक त्या सॉसच्या वाटेनेही. फक्त ती पोचायच्या आत बाकीच्यांनी पान्यू जाळून घेतलेलं होतं. मालवाहतुकीत या रूटला उशीर होतो हे तेव्हापासूनचं असावं.

सिमा छियान या त्या काळच्या इतिहासकाराने पान्यूचं वर्णन करताना मोती, गेंड्याची शिंगं, कासवाच्या पाठी, फळं, कापड इथे येऊन गोळा होतं असं लिहिलंय. बाजारपेठ म्हणूनच त्याने नाव घेतलंय, राजवाडा म्हणून नाही.

आता माझ्या लाइनचा विषय, काच आणि मणी. आमच्या गाईडने ब्राँझच्या फ्रेममधल्या निळसर काचेच्या पट्ट्या दाखवून ठोकून दिलं, "ही रोमन काच, जहाजातून आली." चूक. अशा २२ पट्ट्या निघाल्यात, सपाट, बऱ्यापैकी पारदर्शक, आणि त्यांच्या तपासणीत शिसं आणि बेरियम आलंय. शिसं-बेरियमची काच म्हणजे पक्की चिनी, भूमध्य समुद्राकडची काच सोड्याची असते, आणि दक्षिण चीन, व्हिएतनाम, भारत या पट्ट्यात पोटॅशची काच जास्त मिळते. काच दिसली की परदेशी, असं नसतं. माझ्याकडेही गिऱ्हाईक येतं आणि चमकणाऱ्या प्रत्येक मण्याला झेक रिपब्लिकचा म्हणतं. रंगावरून आणि घाटावरून सगळे फसतात, आत काय मिसळलंय ते लॅबच सांगते.

त्याचं दुसरं वाक्य याहून भारी होतं: "आमच्या राजाची जहाजं आफ्रिकेला जायची." असं कुठेही दिसत नाही हो. हस्तिदंत आफ्रिकेचा असला तरी तो हातोहात आलेला. याचा चांगला पुरावा पुढच्या काळातला आहे, नानयुए हानांनी घेतल्यानंतरचा. हान इतिहासात समुद्री वाटेचं वर्णन आहे: शूवन आणि हपू या दक्षिणेकडच्या बंदरांतून निघायचं, टप्प्याटप्प्याने, कुठे पाच महिने, कुठे चार महिने, मध्ये थोडी पायपीट, परत बोट, असं सगळं धरून वर्षभराने हुआंगझी गाठायचं. हुआंगझी म्हणजे आपलं कांचीपुरम असं बरेच अभ्यासक मानतात. दरबाराचे दुभाषे बरोबर सोनं आणि रेशीम घेऊन जायचे आणि मोती, काच, नवलाईचे दगड घेऊन यायचे. आणि स्पष्ट लिहिलंय की ते परक्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून, एकाकडून दुसऱ्याकडे असे जायचे, आणि वाटेत लुटले जायची भीती वेगळीच. म्हणजे सरकारी माणूस होता तो पॅसेंजर, जहाज आणि रिस्क दुसऱ्याची. झाओ मोच्या काळात तर याहूनही तुटक वाट असणार.

तो हस्तिदंत किंवा ती राळ वाटेत कुठल्या बंदराला थांबली याची पावती कबरीत नाही, त्यामुळे उगीच आपल्या सोपाऱ्याचं नाव जोडून छाती फुगवू नका. पण मण्यांच्या बाबतीत आपला संबंध खरा आहे. ग्वांगझूच्या इतर हान कबरींत आणि विशेषतः ग्वांगशीतल्या हपूला, जिथे हजाराच्या वर हान कबरी खणल्यात, लाल अकीकाचे मणी भरपूर निघालेत, आणि त्यात काही पांढऱ्या रेघांचे. त्या रेघा रंगवलेल्या नसतात. क्षाराचा लेप लावून मणी भाजला की रेघ दगडातच उतरते, धुवून जात नाही, आणि हे तंत्र मूळचं भारतीय उपखंडातलं. लाल रंगसुद्धा बऱ्याचदा भाजूनच आणतात, खंबातचे कारागीर भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणीतला दगड आजही तसाच भाजतात, त्यांच्याकडून मी माल घेते. आता हपूचे सगळेच मणी भारतातून गेले असं नाही, हेच तंत्र शिकलेले कारखाने थायलंड-व्हिएतनामच्या किनाऱ्यावरही होते. म्हणजे आधी माल गेला, मग कारागीर गेले, मग तिकडेच स्वस्तात व्हायला लागलं. पुढचं काय होतं ते मला विचारू नका, मी दरवर्षी ग्वांगझूच्या लिवानमधल्या मण्यांच्या मार्केटमध्ये उभी राहून उलट्या दिशेने तेच बघते.

छोटी छोटी सोन्याची फुलासारखी बटणं आहेत तिथे, ३२, सेंटीमीटरभराची, कपड्यावर शिवायची. वाकून बघा, भिंग असेल तर भिंगाने. पृष्ठभागावर सोन्याचे बारीक रवे डागून बसवलेत, आपल्याकडे रवाकाम म्हणतात तसंच. हे तंत्रही पश्चिमेकडून पसरत आलं असं मानतात. त्याच्याजवळचा जेडचा शिंगाच्या आकाराचा पेला तर उलटा प्रकार, दगड आणि कोरीव काम चिनी, पण शिंगासारखा पेला ही कल्पना पश्चिम आशियाची. डब्यात वस्तू आली आणि तिला चिनी पाय लागले, पेल्यात नुसता आकार आला आणि वस्तू चिनी झाली. या दोन गोष्टी एकामागे एक बघा, एवढीच विनंती.

कबरीत प्रत्यक्ष उतरता येतं, वर काचेचं मोठं छत केलंय. आतलं दगडी छत बुटकं, दालनं अरुंद, उंच माणसांनी डोकं सांभाळा. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, राजाबरोबर १५ माणसं पुरली होती. चार राण्या, त्यांचे शिक्के त्यांच्याजवळच, एक वादक वाद्यांपाशी, रखवालदार, आणि एका दालनात सात नोकर. वरती सोनं बघून खूश झालेला माणूस खाली येऊन गप्प होतो. भाऊजींनी फोन खिशात ठेवला. इंपोर्टेड डबा आणि हस्तिदंत ज्या यादीत तिच्यातच ही माणसंही, राजाच्या दृष्टीने सगळं मालमत्तेतच.

मागच्या कोठीत स्वयंपाकाचं सामान आहे, ब्राँझच्या शेगड्या, आल्याची किसणी, आणि दोनशेच्या वर छोट्या पक्ष्यांची हाडं, डोकी-पाय काढून साफ केलेली. खाण्याच्या शौकिनांनी तिथे रेंगाळावं. वरच्या मजल्यावर जुन्या चिनी मातीच्या उशांचं कलेक्शन आहे, हाँगकाँगच्या एका दांपत्याने दिलेलं, विषय वेगळा आणि कबरीनंतर डोकं भरलेलं असतं, तरी एक चक्कर मारा.

आता गाईड. हॉटेलच्या डेस्कवरून एका एजन्सीचा घेतला होता, इंग्रजी बोलणारा, पैसे आगाऊ. रोमन काच आणि आफ्रिकेची जहाजं हे वर सांगितलंच. त्यात तो दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता, कारण पुढे आम्हाला चहाच्या दुकानात न्यायचं होतं, जे आम्ही मागितलंच नव्हतं. चहाला नाही म्हटल्यावर त्याचं तोंड पडलं आणि मग उरलेला वेळ तो बाहेर बाकावर फोनवर. त्यानंतर आम्हाला जास्त कळलं, खरं सांगते. असला पॅकेज गाईड घेऊ नका. जायच्या आधी थोडं वाचा, फोनमध्ये भाषांतराचं ॲप ठेवा आणि स्वतः फिरा.

क्रमही सांगते. बरेच जण आधी खाली कबरीत जातात. मला उलटं बरं वाटलं, आधी वस्तू बघा, कुठली वस्तू कुठल्या दालनातली ते डोक्यात ठेवा, मग खाली उतरा. तेव्हा रिकाम्या दालनातही कळतं की दंत इथे होते, राळेची डबी इथे, चांदीचा डबा तिथे. फेअरच्या आठवड्यात सुद्धा सकाळी लवकर गेलं तर शाळांच्या सहली यायच्या आधी नीट बघून होतं. दोन-तीन तास पकडा, मण्या-दागिन्यांच्या धंद्यातले असाल तर जास्तच. २०२१ पासून याच म्युझियमचा दुसरा भाग, म्हणजे राजवाड्याची जागा, झोंगशान रोडवर आहे, तिथे राजाच्या बागेतला दगडी पाण्याचा पाट आणि वेगवेगळ्या काळातल्या विहिरी एकाच खड्ड्यात दिसतात. वेळ असेल तर त्याच दिवशी दोन्ही करा, मेट्रोने दोन-तीन स्टेशनचंच अंतर आहे, गोंगयुआनछियानला उतरायचं. भाऊजींचं बॅगांचं मार्केट त्यामुळे राहिलंच.